खोट्या मेलपासून संस्थेचं डोमेन वाचवायचंय? मग डीमार्क 'रिजेक्ट'पर्यंत न्या

मेल पाठवायची मूळ पद्धत, एसएमटीपी, 1982 ची आहे आणि पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोयच तिच्यात नव्हती, त्यामुळे तुमच्या शाळेच्या किंवा पतसंस्थेच्या पत्त्यावरून 'आमचं बँक खातं बदललंय, पैसे इकडे टाका' असा मेल कोणीही पाठवू शकतं, त्याला तुमचा पासवर्डही लागत नाही. हे अडवणारा नियम म्हणजे डीमार्क, आणि 'रिजेक्ट' ही त्याची सगळ्यात कडक पायरी, खोटा मेल सरळ नाकारायची. त्याआधी एसपीएफ आणि डीकेआयएम ही दोन कामं उरकायची.

आधी यादी करा, तुमच्या नावाने कोण कोण मेल पाठवतं. गूगल वर्कस्पेस असतंच, पण फीच्या पावत्या पाठवणारं सॉफ्टवेअर, वेबसाइटवरचा फॉर्म, हे लोक हमखास विसरतात. सगळ्यांना एसपीएफ रेकॉर्डमध्ये घ्या, म्हणजे तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्या यादीत; ती डीएनएसमध्ये, डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, असते. रेकॉर्ड एकच ठेवायचं, दोन झाली की एरर येतो, ते तपासताना लागणारे डीएनएस लुकअप (डीएनएसकडे केलेली विचारणा) 10 च्या वर गेले तरी तेच. मग प्रत्येक सेवेत डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डिजिटल सही, चालू करा, तिची की (किल्ली) 2048 बिटची घ्या. हे टाळू नका, कारण मेल फॉरवर्ड झाला की एसपीएफ बहुतेक वेळा तुटतं, डीकेआयएमची सही मजकूर बदलला नाही तर टिकते.

आता डीमार्क. एकटं एसपीएफ आतला रिटर्न पाथ (मेल पोचला नाही तर परत जायचा पत्ता) बघतं, लोकांना दिसणारा फ्रॉम पत्ता बघतच नाही, ती जुळणी डीमार्क करतं. सुरुवात 'नन' या सगळ्यात सौम्य पायरीने करा आणि मेल घेणारे सर्व्हर जे रिपोर्ट पाठवतात त्यांच्यासाठी वेगळा मेलबॉक्स द्या. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलवर दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना डीमार्क सक्तीचं झालं, पण त्यात 'नन' चालतं, म्हणून बरेच जण तिथेच थांबतात आणि हेच मला खटकतं, कारण 'नन' नुसती नोंद ठेवतं, खोटा मेल अडवत नाही. काही आठवडे रिपोर्ट वाचा, आपली राहिलेली सेवा सापडली की दुरुस्त करा, मग 'क्वारंटाइन' (संशयित मेल स्पॅममध्ये), मग 'रिजेक्ट'. जी डोमेन मेलसाठी वापरतच नाही त्यांना आजच एसपीएफमध्ये 'मायनस ऑल' (-all, म्हणजे कोणालाच परवानगी नाही) आणि डीमार्क 'रिजेक्ट' लावून टाका.

पण मिळत्याजुळत्या स्पेलिंगचं डोमेन कोणी घेतलं तर डीमार्क काही करू शकत नाही, म्हणून खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या नंबरवर फोन करून खात्री करायची, हे अकाउंट्सवाल्यांना सांगूनच ठेवा.

वाटेत मेल कोणी वाचू नये यासाठी एमटीए-एसटीएस, म्हणजे आमच्याकडे येणारा मेल एन्क्रिप्शनशिवाय पाठवू नका असं बाहेरच्या सर्व्हरना सांगणारी पॉलिसी. दोन सर्व्हरमधलं एन्क्रिप्शन (मजकूर गुप्त करून पाठवणं) एरवी जमलं तर ठीक अशा पद्धतीने चालतं, मधला माणूस ते बंद पाडू शकतो. पॉलिसीची फाइल एचटीटीपीएसवर ठेवा, आधी 'टेस्टिंग', टीएलएस रिपोर्ट (एन्क्रिप्शन जमलं की नाही याचे अहवाल) स्वच्छ आले की 'एन्फोर्स', म्हणजे सक्ती. पुढे मेल सर्व्हर बदलला तर फाइल आणि डीएनएसमधला या पॉलिसीचा आयडी दोन्ही बदला, नाहीतर बाहेरून येणारे मेल अडकतील.