घरातली प्रवाळ टाकी: आधी अल्कलिनिटी सांभाळा

लहान टाकी सोपी असते, हा सल्ला मनावर घेऊ नका. पाणी जितकं थोडं, तितके चढउतार झपाट्याने होतात. पहिलीच टाकी असेल तर १०० लिटरच्या आसपासची घ्या.

मांडणीत फारसं अवघड काही नाही. आरओ-डीआयचं (गाळून सगळे क्षार काढलेलं), टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य असलेलं पाणी घ्या. मीठ वेगळ्या बादलीत विरघळवा, खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) आणि तापमान २५ अंशांच्या आसपास ठेवा. खडक रचा, पंप चालू करा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत, म्हणजे साधारण ४ ते ६ आठवडे, थांबा. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ नाही. म्हणून घटलेली पातळी भरायला आरओ-डीआयचं गोडंच पाणी घाला.

खरी कसोटी लागते ती अल्कलिनिटीपाशी, म्हणजे पाण्यातल्या मुख्यतः कार्बोनेट-बायकार्बोनेटमुळे येणाऱ्या, आम्ल शोषण्याच्या क्षमतेपाशी. मलाही सगळ्यात जास्त झुंजवलं ते हिनेच. कठीण प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातल्या कॅल्शियम आणि कार्बोनेटपासून बांधतात. पण अल्कलिनिटी २.८ डीकेएचने (हे तिचं एकक) उतरते तेव्हा कॅल्शियम जेमतेम २० पीपीएमने (दहा लाखांत २० भाग) कमी होतं. कॅल्शियमच्या ४२० मधून २० गेले तर काही बिघडत नाही, अल्कलिनिटीच्या ८.५ मधून २.८ गेले तर प्रवाळांची वाढच अडते. म्हणून सतत मोजायची ती अल्कलिनिटी.

८ ते ९ डीकेएचमधला एक आकडा ठरवा आणि तिथेच राहा. आकडा ८ आहे की ९, यापेक्षा तो हलत नाही हे महत्त्वाचं. सोमवारी ७ आणि गुरुवारी १० झालं की फांद्यांची टोकं पांढरी पडतात, मग बुंध्याकडून मांस सुटायला लागतं. तिथून प्रवाळ क्वचितच सावरतो.

प्रवाळ रोज किती अल्कलिनिटी वापरतात, तो खप असा काढा: काहीही न घालता आज मोजा, तीन दिवसांनी त्याच वेळेला पुन्हा मोजा. ८.६ चे ८.० झाले, तर खप रोज ०.२. टेस्ट किटचे शेवटचे थेंब एकेक करून, बाटली उभी धरून टाका. घाईत दोन पडले की आकडा खोटा येतो. १०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला सुमारे ३ ग्रॅम शुद्ध खाण्याचा सोडा लागतो, म्हणजे इथे रोज ०.६ ग्रॅम. बेकिंग पावडर मुळीच चालणार नाही. सोडा गोड्या पाण्यात विरघळवून पंपाच्या झोतात हळूहळू सोडा. कॅल्शियमचं द्रावण त्याच वेळी घालू नका, पांढरा साका धरतो आणि दोन्ही वाया जातात. आकडा फार खाली गेला असला तरी दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका. मी तर अर्ध्यावरच थांबतो.

आणि पीएचच्या मागे धावू नका. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, सकाळी ७.८ दिसला तर घाबरायचं कारण नाही. पीएच वाढवणारी पावडर बहुतेक वेळा अल्कलिनिटीच वर नेते. ती विकत आणूच नका.

सुरुवात मश्रूम, लेदर अशा मऊ प्रवाळांनी करा. त्यांचा खप नगण्य असतो. नवा नग डिपमध्ये (कीड काढणाऱ्या द्रावणात) बुडवून मगच टाकीत ठेवा, आधी कमी उजेडात. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदला.

झोअँथिड (गुच्छाने वाढणारे, प्रवाळांसारखे मऊ जीव) हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. झोअँथिड चिकटलेला खडक कधीही उकळू नका. त्या वाफेने घरातली सगळी माणसं आजारी पडू शकतात.