सर्व्हर रूमचं लाल बटण एकदा तपासाच
आग लागल्यावर मेन स्विच पाडला म्हणजे सर्व्हर रूमची वीज गेली, असं समजू नका. यूपीएस बॅटरीवर सर्व्हरच्या रॅकला (कपाटाला) वीज देतच राहतो, आणि जळत्या केबलमधून करंट वाहतच राहतो. लाल आपत्कालीन बटणाने यूपीएसचं आउटपुट आणि एसी दोन्ही तुटतात का, हे सर्व्हर रीतसर बंद करून इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. एसी चालू राहिला तर धूर पसरतो, आगीला हवा मिळते. बटण दाराजवळच हवं, पण त्यावर पारदर्शक झाकण बसवाच. दार उघडायचं बटण समजून लोक ते खरंच दाबतात! पाण्याचं अग्निशामक नको, कार्बन डायऑक्साइडचं ठेवा. मात्र बंद खोलीत हा वायू गुदमरवतो, म्हणून दार पाठीशी ठेवूनच फवारा आणि लगेच बाहेर पडा.