शब्दकोश पाहताना व्युत्पत्तीही वाचावी
दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त एखादा शब्द पाहिला, की अर्थापाशी न थांबता नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात दिलेली व्युत्पत्ती अवश्य वाचावी आणि मग कृ. पां. कुलकर्णी यांच्या १९४६ सालच्या ‘मराठी व्युत्पत्ति कोशा’तील नोंद तिच्याशी ताडून पाहावी. दोन कोशांत मतभेद आढळला, तर वाचनाचा खरा आनंद तिथेच सुरू होतो. ठाणेकरांनी आरंभ पगार, चावी, घमेले, बटाटा या पोर्तुगीजांकडून आलेल्या रोजच्या शब्दांपासून करावा. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे जिंकेपर्यंत इथे पोर्तुगीजांचाच अंमल होता. शेजारच्या नोंदीही सावकाश चाळाव्यात. कोश घरी नसल्यास १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात चौकशी करावी.