किडनी बदललेल्या माणसाच्या पोटात दुखलं तर

माझ्या धाकट्या भावाला किडनी मी दिली. म्हणून त्याच्या पोटाच्या चौकशा करायचा मला हक्क आहे, असं माझं मत. त्याचं नाही.

दुखायला लागलं की आधी बोट ठेवून जागा दाखवायला सांगा. बसवलेली किडनी खाली, बहुधा उजवीकडे जांघेच्या वर असते. स्वादुपिंड वर, जठराच्या मागे. बेंबीच्या वर दुखतंय, कळ पाठीत जातेय, उताणं झोपवत नाही, पुढे वाकलं की जरा बरं वाटतं आणि उलट्या थांबत नाहीत, तर पॅनक्रियाटायटिसचा, म्हणजे स्वादुपिंडाला सूज आल्याचा संशय घ्या. आपल्याकडे अशा वेळी घरातला प्रत्येक जण पित्ताचा डॉक्टर होतो. आल्याचा रस, ओवा, कोकम सगळं हजर! स्टेरॉइड घेणाऱ्याचा ताप आणि दुखणं दोन्ही दबून राहू शकतं, तेव्हा 'फार नाही गं दुखत' हे ऐकून गप्प बसू नका.

खाणं थांबवा आणि ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन लावा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्या अजिबात नको. टॅक्रोलिमसच्या (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध) जोडीला ती किडनीला फार महागात पडतात. टॅक्रोलिमसची गोळी उलटून पडली तर वेळ लिहून ठेवा. पुन्हा द्यायची की नाही, ते डॉक्टर सांगतील. अशा गोळ्या बुडल्या तर शरीर किडनी नाकारायला लागू शकतं.

कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य 'किडनी ट्रान्सप्लांट झालाय' हेच. गोळ्यांची यादी हातात द्या. रक्तात लायपेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) तपासतात का विचारा. नॉर्मलच्या वरच्या आकड्याच्या तिप्पट किंवा जास्त आलं तर निदानाला जोर येतो, पण क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर लायपेज थोडंफार तसंही वाढतं. पित्ताशयात खडे आहेत का ते सोनोग्राफीत बघतात. रंग टोचून सीटी करायचं म्हणाले, तर आधी नेफ्रॉलॉजिस्टशी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांशी, बोलायला सांगा.

आम्ही पुण्यात नारायण पेठेत राहतो. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता, केळकर रस्ता, टिळक रस्ता सगळीकडे मिरवणुका. त्या दिवशी गाडी पेठेबाहेर लावायची आणि तिथपर्यंत चालत कसं जायचं, हे आदल्या रात्रीच ठरलेलं असतं. ढोल ऐकू येत असताना १०८ला पत्ता समजावणं सोपं नाही.

स्वादुपिंडाच्या सुजेचा हा त्रास मोजक्यांनाच होतो. पण प्रतिकारशक्ती दाबलेली असल्यामुळे झाला की जड जाऊ शकतो. कारणं बरीच: ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध (बहुधा सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत), सीएमव्ही या विषाणूचा संसर्ग, पित्ताचे खडे, दारू. डायलिसिसच्या काळात वाढलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथी नवी किडनी बसल्यावरही कधी कधी कॅल्शियम चढतं ठेवतात, त्यानेही स्वादुपिंड सुजू शकतं. स्टेरॉइड आणि सायक्लोस्पोरिनने (हेही प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढतात. ५०० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर गेले की डॉक्टरांना सांगा, १०००च्या पुढे धोका चांगलाच वाढतो.

ट्रायग्लिसराइड उपाशीपोटी आणि टॅक्रोलिमसची लेव्हल (रक्तातलं प्रमाण) सकाळच्या गोळीआधी बघतात, म्हणून दोन्ही रक्तं एकाच खेपेत द्या. रक्त दिल्याशिवाय चहासुद्धा नाही, यावर आमच्याकडे दरवेळी भांडण होतं. ॲझाथायोप्रिनमुळेच झालं असं ठरलं, तर फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहा: हे औषध पुन्हा द्यायचं नाही.