अकरावीतच सुरू करा: सीईटीचा अभ्यास पण आणि दाखले पण

दहावीचा निकाल लागला की घरात सगळे म्हणतात आता जरा दम खा, बारावीला बघू. इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला अकरावीची मार्कशीट कोणी धरत नाही हे खरंय, पण एमएचटी-सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर येतात, म्हणजे २०० पैकी जवळपास ४० मार्क, आणि जेईई किंवा नीट द्यायची असेल तर अख्खी अकरावी लागते. शिवाय जात, उत्पन्न वगैरे दाखल्यांचं काम असतं, त्याबद्दल क्लासमधे कोणी बोलत नाही आणि जूनमधे पालक तहसीलला चकरा मारत बसतात. दोन्ही कामं अकरावीत सुरू केली तर बारावी खूप हलकी जाते. सायन्सला गेलेल्या पोरांसाठी लिहितोय, पण आईवडिलांनीही वाचा, कारण यातलं अर्धं काम तुमचंच आहे.

आधी परीक्षा ठरवा. राज्यातल्या इंजिनिअरिंग आणि फार्मसीसाठी सीईटी, आयआयटी-एनआयटीसाठी जेईई, एमबीबीएस बीडीएस बीएएमएस साठी नीट, आर्किटेक्चर हवं असेल तर नाटा. सगळेच फॉर्म भरून ठेवू असं बरेच जण करतात, भरा, पण मुख्य परीक्षा एकच धरा आणि अभ्यास तिच्याभोवती लावा. पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो चारही) घेतलं असेल तर अकरावीच्या दिवाळीपर्यंत तरी मॅथ्स की बायो ते मनाशी पक्कं करा, कारण दोन्हीकडे सारखा जोर लावणं फार थोड्यांना जमतं. नीटला एक अट लक्षात ठेवा, ॲडमिशनच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत.

सीईटीचा पेपर कसा असतो ते नीट समजून घ्या कारण तयारी त्यावरच ठरते. पीसीएम ग्रुपला फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न, प्रत्येकी १ मार्क, वेळ ९० मिनिटं. मग मॅथ्सचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, त्यालाही ९० मिनिटं. पीसीबीला मॅथ्सच्या जागी बायोचे १०० प्रश्न. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न सोडून यायचं नाही, शेवटची दोन मिनिटं राहिलेले पर्याय क्लिक करण्यासाठी ठेवा. हिशोब केला तर फिजिक्स केमिस्ट्रीच्या प्रश्नाला एक मिनिटसुद्धा मिळत नाही, ५४ सेकंद मिळतात, आणि मॅथ्सला दोन मिनिटांपेक्षा थोडं कमी. म्हणजे येणं वेगळं आणि वेळेत येणं वेगळं. बोर्डाला जे गणित आपण पानभर सोडवतो ते इथे चार ओळीत बसवायला लागतं, आणि ही सवय शेवटच्या महिन्यात लागत नाही हो, दर चॅप्टरनंतर घड्याळ लावून ३०-४० एमसीक्यू सोडवले तरच लागते.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक सांगतो. फिजिक्स केमिस्ट्री बायो मराठीतून देता येतं पण सीईटीचा मॅथ्सचा पेपर इंग्रजीतच असतो. तर अकरावीपासून मॅथ्सची उदाहरणं इंग्रजीतून वाचायची सवय लावा, शब्द फार नसतात, दोनेक महिन्यात ओळखीचे होऊन जातात.

अकरावीचं सगळं पुस्तक सीईटीला नसतं, ठराविक चॅप्टर असतात. आतापर्यंतच्या यादीत फिजिक्सचे मोशन इन अ प्लेन, लॉज ऑफ मोशन, ग्रॅव्हिटेशन, थर्मल प्रॉपर्टीज, साउंड, ऑप्टिक्स, इलेक्ट्रोस्टॅटिक्स, सेमीकंडक्टर हे आहेत, मॅथ्सला ट्रिग्नोमेट्री २, स्ट्रेट लाईन, सर्कल, प्रोबॅबिलिटी, कॉम्प्लेक्स नंबर, परम्युटेशन कॉम्बिनेशन, फंक्शन्स, लिमिट्स वगैरे. आपल्या वर्षाची यादी सीईटी सेलच्या साईटवरून काढून टेबलासमोर चिकटवा. या चॅप्टरची वही वेगळी ठेवा, फॉर्म्युले आणि चुकलेले प्रश्न एवढंच त्यात, म्हणजे बारावीच्या गडबडीत अकरावीचं पुस्तक परत पहिल्यापासून वाचायला लागत नाही. सीईटीसाठी स्टेट बोर्डाचं पुस्तक ओळ न ओळ, नीटसाठी एनसीईआरटी ओळ न ओळ. महागड्या मॉड्यूलचे गठ्ठे नंतर बघा.

बोर्डाला कमी लेखू नका. इंजिनिअरिंगला बारावीत पीसीएमला ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०, आणि एनआयटी-आयआयटीला ७५ टक्के, एससी एसटीला ६५, किंवा आपल्या बोर्डात टॉप २० पर्सेंटाईलमधे, म्हणजे वरच्या २० टक्के पोरांत, असावं लागतं. सीईटीत छान पर्सेंटाईल पाडून बारावीच्या टक्क्यांत अडकणं फार जिवाला लागतं. कॉलेज टायअपचं, म्हणजे क्लासशी जोडलेलं, असलं तरी प्रॅक्टिकल मनापासून करा, हातात येणारे मार्क आहेत ते. बारावीचं वेळापत्रक साधारण असं पडतं, जानेवारीत जेईईचं पहिलं सेशन, फेब्रुवारी-मार्चमधे बोर्ड, मग एप्रिल-मे मधे जेईईचं दुसरं सेशन, सीईटी आणि नीट. म्हणजे सिलॅबस डिसेंबरच्या आत संपायलाच हवा.

मॉक टेस्टबद्दल एवढंच म्हणेन की द्या कमी पण तपासा जास्त. तीन तासांचा पेपर दिला की दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ चुका बघायला द्या, कुठे कन्सेप्ट नव्हता, कुठे घाई झाली, कुठे प्रश्नच नीट वाचला नाही. आणि सीईटी कॉम्प्युटरवर असते म्हणून निम्म्या तरी टेस्ट स्क्रीनवर द्या, नीट कागदावर असते तर गोळे रंगवायची प्रॅक्टिस करा.

आता दाखले. हा भाग नीट वाचा प्लीज.

जातीच्या दाखल्यावर ॲडमिशन घ्यायची असेल तर फक्त जातीचा दाखला चालत नाही, कास्ट व्हॅलिडिटी (तो दाखला तपासून खरा असल्याचं प्रमाणपत्र) लागते, आणि तिला वेळ लागतो. जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज कॉलेजच्या पत्रावर अकरावी-बारावीत असतानाच करता येतो, एसटीसाठी समिती वेगळी असते. जुने पुरावे लागतात, एससीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचे, व्हीजेएनटीसाठी (भटके-विमुक्त) २१ नोव्हेंबर १९६१ च्या आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे. म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा, जुनं खरेदीखत असलं काहीतरी गावाकडून काढावं लागतं. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यात, चुलत्याला आत्याला कोणाला व्हॅलिडिटी मिळाली असेल तर ती आवर्जून जोडा, काम खूप सोपं होतं. सुट्टीत गावी जाल तेव्हाच हे कागद गोळा करा.

ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) यांना नॉन क्रिमीलेयरही लागतं (उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचा दाखला), आणि ते ॲडमिशनच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालू असावं लागतं. त्यासाठी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो. जेईई-नीटच्या सेंट्रलच्या जागांसाठी ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचे (ओपनमधले आर्थिकदृष्ट्या दुर्बल) दाखले वेगळ्या नमुन्यात असतात, राज्याचा दाखला तिथे चालत नाही, तेव्हा दोन्ही नमुने काढा. बाकी डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला हे आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतूत होतं. आणि आधार, दहावीची मार्कशीट, एलसी या सगळ्यांवर नावाचं स्पेलिंग एक आहे का ते आजच बघा, दुरुस्तीला महिने जातात.

फी बघून कॉलेज सोडायच्या आधी हे माहीत असू द्या. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ओपनच्या मुलांना राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून अर्धी ट्यूशन फी मिळते, आणि २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण ॲडमिशन कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, हवी, मॅनेजमेंट कोट्याला यातलं काही नाही. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करायचा.

निकालानंतर खरी कसोटी ऑप्शन फॉर्मची, म्हणजे कॅपसाठी कॉलेज-ब्रँचची पसंतीक्रमाने यादी भरायची. सीईटीचा निकाल पर्सेंटाईलमधे येतो, ९० पर्सेंटाईल म्हणजे १०० तली १० पोरं तुमच्या पुढे, आणि पीसीएमला काही लाख पोरं बसतात म्हणजे एका पर्सेंटाईलमधे हजारो. म्हणून पर्सेंटाईलपेक्षा मेरिट नंबर बघा आणि मागच्या दोन वर्षांचे कट ऑफ आपल्या कॅटेगरीचे, आपल्या होम युनिव्हर्सिटीचे (ज्या विद्यापीठाच्या भागात तुमचं कॉलेज येतं ते) काढा. यादी लावताना आवडीचं वर, पोचेल असं मधे, नक्की मिळेल असं खाली, आणि ज्या कॉलेजला जायचंच नाही ते यादीत टाकूच नका. कारण २०२५ च्या ॲडमिशनपासून चार कॅप राऊंड झालेत आणि पहिल्या राऊंडला पहिला ऑप्शन, दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी काहीही लागलं की ती सीट आपोआप फ्रीज म्हणजे पक्की होते, पुढच्या राऊंडला जाता येत नाही. तेव्हा वरचे सहा ऑप्शन मित्राची यादी बघून भरू नका, घरच्यांबरोबर एक संध्याकाळ बसून ब्रँच, अंतर, हॉस्टेल, फी सगळं बोलून भरा, आणि सबमिट केल्यावर कन्फर्म झालंय का ते लॉगिन करून परत एकदा तपासा, प्रिंट काढून ठेवा.