मांजरीचं पिल्लू आजारी पडलं की हमखास होणाऱ्या चुका, या चुका टाळा

काल रात्री पडद्यावर चढत होतं आणि आज सकाळपासून कोपऱ्यात गप्प बसलंय. पिल्लू पाळलेल्या बहुतेकांना हे कधी ना कधी दिसतं आणि त्यावर पहिला विचार येतो तो म्हणजे "दमलं असेल, संध्याकाळपर्यंत बघू". सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. मोठ्या मांजराने एखादा दिवस खाल्लं नाही तर त्याच्या अंगात थोडा तरी साठा असतो, पिल्लाकडे तो नसतोच, चार आठवड्यांचं पिल्लू म्हणजे साधारण 400 ग्रॅमचा जीव, त्याने दोन वेळचं सोडलं की रक्तातली साखर उतरते, अंग गार पडायला लागतं, अंग गार पडलं की भूकच लागत नाही, आणि भूक नाही म्हणून साखर अजून खाली. हे सगळं काही तासांत होतं. त्यामुळे दीड-दोन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू 12 तास काही खात नसेल तर मी थेट व्हेटला फोन करते, त्याहून मोठं असलं तरी 24 तासांच्या पुढे थांबत नाही. अगदी दुधावरचं असेल तर लागोपाठ दोन वेळा पिलं नाही एवढंही पुरे आहे फोन करायला.

आणि हो, घुर्रघुर्र करतंय म्हणजे बरं आहे असं नसतं. मांजरं दुखत असताना पण घुर्रघुर्र करतात. नाक ओलं की कोरडं यावरून पण काही कळत नाही, ते सोडून द्या.

नुसतं बघून ठरवणं

पिल्लं आजार लपवतात त्यामुळे डोळ्यांपेक्षा वजनकाट्यावर विश्वास ठेवा. किचनमधला ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा चालतो, वर एक डबा ठेवायचा आणि पिल्लू त्यात. जन्मतः साधारण 100 ग्रॅम असतं, मग रोज 10 ते 15 ग्रॅम वाढायला पाहिजे, दोन आठवड्यांत वजन दुप्पट. रोज एकाच वेळी मोजा आणि लिहून ठेवा. एक दिवस वजन वाढलंच नाही तर कान टवकारायचे, आणि कमी झालं तर "शी केली असेल म्हणून" वगैरे स्वतःची समजूत काढत बसू नका (मी काढलीये, म्हणून सांगतेय). बरेचदा पिल्लू खेळत असतं आणि काटा आधीच सांगत असतो की काहीतरी बिनसलंय.

दुसरी सवय म्हणजे हिरड्या बघणं. निरोगी पिल्लाच्या हिरड्या गुलाबी आणि ओल्या असतात. पांढरट दिसल्या तर अंगावर पिसवा आहेत का बघा, एवढ्याशा जिवाचं रक्त पिसवा इतकं पिऊ शकतात की पिल्लू त्यानेच दगावतं, हे लोकांना खरंच वाटत नाही. निळसर दिसल्या किंवा पिल्लू तोंड उघडं ठेवून धापा टाकतंय तर काहीही घरगुती न करता सरळ व्हेटकडे निघायचं. हिरड्या चिकट लागल्या तर अंगातलं पाणी कमी झालंय. मानेची कातडी ओढून बघायची जी पद्धत सांगतात ती अगदी लहान पिल्लांत फसवी असते.

गार पिल्लाला दूध पाजणं

यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण माझ्याकडे आलेलं पहिलं पिल्लू मी असंच घालवलं. दोन आठवड्यांचं होतं, हाताला गार लागत होतं, मला वाटलं उपाशी आहे बिचारं, म्हणून आधी सिरिंजने दूध दिलं, तेही बाळासारखं उताणं धरून. थोड्या वेळाने नाकातून दूध आलं आणि दुसऱ्या दिवशी श्वास घरघरायला लागला.

तेव्हा माहीत नव्हतं ते असं की गारठलेल्या पिल्लाचं पोट काम करणं जवळपास बंद करतं, दूध पचत नाही, आणि नीट गिळता येत नाही म्हणून ते फुफ्फुसात जातं. जवळजवळ चार आठवड्यांचं होईपर्यंत पिल्लाला स्वतःचं तापमान धड राखता येत नाही. म्हणून क्रम कायम हाच, आधी ऊब, मग साखर, मग दूध. गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून शेजारी ठेवा, पण बॉक्सचा अर्धा भाग मोकळा हवा म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येईल. हळूहळू, तास-दोन तास लागले तरी चालेल. हेअर ड्रायर किंवा उघडी गरम बाटली अजिबात नको, भाजतं. पिल्लू मलूल असेल तर साखरेच्या घट्ट पाण्याचे एक-दोन थेंब बोटाने हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका, आणि तोवर दुसऱ्या कोणाला तरी व्हेटला फोन करायला सांगा. दूध पाजताना पिल्लू कायम पोटावर, जसं ते आईला पितं तसं. आणि गाईचं दूध नको, जुलाब होतात, मांजराच्या पिल्लांची मिल्क पावडर मिळते तीच.

ताप मोजायचा तर डिजिटल थर्मामीटर, टोकाला जेली लावून गुदद्वारातून, कान गरम लागतायत वरून नाही. महिन्याच्या वरच्या पिल्लाचं साधारण 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतं. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं 96-97 असणं नॉर्मल आहे, उगाच घाबरू नका. मोठ्या पिल्लाचं 99 च्या खाली किंवा 103 च्या वर गेलं तर मात्र थांबायचं नाही.

आपल्या डब्यातलं औषध

पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. छोटा तुकडा पण नाही, मांजराच्या लिव्हरला ते औषध मोडून बाहेर टाकताच येत नाही आणि रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद जाते. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिनवालं पिसवांचं औषध पण तसंच, झटके येतात. मागच्या वेळचे उरलेले आय ड्रॉप्सही घालू नका, त्यात स्टिरॉइड असेल आणि डोळ्यात जखम असेल तर डोळा जाऊ शकतो.

सर्दीला लोक फार हलकं घेतात. नाक बंद झालं की पिल्लाला वास येत नाही आणि वास नाही तर ते खात नाही, खरी अडचण तिथे आहे. कोमट पाण्याने ओल्या केलेल्या कापसाने नाक-डोळे पुसा, बाथरूममध्ये गरम पाण्याची वाफ करून दहा मिनिटं बसा, वेट फूड (पाऊच-डब्यातलं ओलसर खाणं) थोडं कोमट करून द्या म्हणजे वास उठतो. एवढं करूनही खात नसेल तर वर सांगितलेले तास मोजायला लागा.

जुलाब लागले म्हणून उपाशी ठेवणं ही अजून एक, पिल्लांना ते परवडत नाही. पोट फुगलेलं आणि बाकी अंग हडकुळं असेल तर बरेचदा जंत असतात, जंत आईच्या दुधातून पण येतात. जंताचं औषध वजनावर ठरतं, त्यामुळे अंदाजाने नको.

पण उलट्या, जुलाब आणि एकदम निपचित पडणं एकत्र दिसलं आणि लस झालेली नसेल तर पॅनल्यूकोपेनियाची (मांजरांचा पटकन पसरणारा, जीवघेणा व्हायरल आजार) शंका धरा. यात तास महत्त्वाचे असतात. निघताना वय, आजचं वजन, शेवटचं कधी खाल्लं, शी-शू कधी झाली हे सांगा, शीचा फोटो काढा, आणि आधी फोन करून सांगा म्हणजे तिथल्या बाकी पिल्लांपासून लांब बसवतील. घरातली दुसरी पिल्लं वेगळी ठेवा, भांडी वेगळी. हा व्हायरस घरात वर्षभर टिकू शकतो आणि हँड सॅनिटायझरने मरत नाही, फरशी आधी धुऊन मग पातळ केलेलं ब्लीच दहा मिनिटं ठेवावं लागतं. कापडी बिछाना, लाकडी खेळणी टाकूनच द्या, आणि लसीचे डोस पूर्ण न झालेलं नवीन पिल्लू त्या घरात इतक्यात आणू नका.