साताऱ्यात नवीन आलात? नाकाबंदीचं आधी ऐकून घ्या

लातूरहून साताऱ्याच्या एमआयडीसीत आलो त्याला चौदा वर्षं झाली. खोली, मेस, शिफ्टची गाडी हे तुम्हाला पहिल्या आठवड्यात कुणीतरी सांगेलच. नाकाबंदीचं कुणी सांगत नाही. पहिल्या पगाराच्या रात्री ती स्वतःच भेटते.

इकडं पोरं दारू प्यायला जातात ती हायवेच्या ढाब्यावर, नाहीतर यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला. परतताना पोलिसांनी बॅटरी हलवून गाडी बाजूला घेतली, की नळी तोंडात धरून फुंकायचं. बडीशेप, वेलदोडा, गुटखा यांचा उपयोग शून्य. मशीन तोंडाचा वास घेत नाही, फुप्फुसातल्या हवेतली दारू मोजतं. 100 मिलिलिटर रक्तामागे 30 मिलिग्रॅमच्या वर निघाली की मोटार वाहन कायद्याचं कलम 185. हेल्मेटसारखी पावती फाडून सुटका नाही, प्रकरण कोर्टात जातं. पहिल्या वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा 15,000 किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तारखेला खाडा पडतो तो वेगळाच. फुंकायलाच नकार दिलात तर तेही कोर्टात तुमच्या विरोधात जाऊ शकतं.

फर्स्ट शिफ्टवाल्यांनी एक हिशोब मांडून बघा. रक्तातली दारू 100 मिलिलिटरमागे तासाला साधारण 15 मिलिग्रॅमनं उतरते. लिंबू, कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी त्यात फरक पडत नाही. रात्री बाराला 120 असेल तर सकाळी सहाला अजून 30 शिल्लक. तोंड धुऊन, चहा पिऊन, डबा अडकवून तुम्ही गाडीला किक मारता तेव्हा ती अंगात असतेच.

आता ग्रुपवरचे मेसेज. ‘वाढे फाट्याला उभेत, आतनं या.’ माझ्या खोलीवरचा एक जण असाच आतनं आला. जानेवारी, उसाचा हंगाम. रस्त्याच्या कडेला पंक्चर झालेली ट्रॉली उभी, मागं ना लाल दिवा ना रेडियम. हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा गाडीचं हेडलाइट उसाच्या मोळीत घुसून चालूच होतं. पायात रॉड पडला, आठ महिने पगार नाही, शेवटी गावी गेला. तो मेसेज टाकणारा मीच होतो. त्या दिवसापासून मी असा मेसेज पुढं पाठवत नाही आणि कुणी पाठवला तर भांडतो.

नाक्यावर सापडतात ते थोडेच. त्याच्या धाकानं गाडी खोलीवर ठेवून निघतात ते कितीतरी जास्त, आणि नाका कामी येतो तो तिथं. म्हणून तो कुठं, किती वाजता लागणार हे कळता कामा नये. रोज त्याच चौकात त्याच वेळी लागायला तो काय एसटीचा थांबा आहे?

आमच्या खोलीवर मग पाळी लावली. ज्याची पाळी, त्यानं थम्सअप प्यायचं, चाव्या त्याच्या खिशात आणि त्याच्या जेवणाचे पैसे बाकीच्यांनी भरायचे. त्याच्या मागं मावतील तेवढे नाही, एकच बसणार. उरलेल्यांनी आधीच रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवायचा. साताऱ्यात अकरानंतर रिक्षा हुडकत बसावं लागतं. ढाब्यावर गाडी रात्रभर ठेवायची तर मालकाला सांगून ठेवा, सहसा नाही म्हणत नाहीत. सुरुवातीला पाळी घ्यायला कुणी तयार नव्हतं. पुढं फुकट मटणासाठी भांडणं लागली.